सुझान सोमर्स आणि कंदातलं तारुण्य



मागच्या महिन्यात मंदिरात स्वाध्याय झाल्यावर पाळी जाण्याच्या वयातल्या त्रासांवर गप्पा निघाल्या. अंगातून वाफा येणं, रात्रीची झोप उडणं, उगाच होणारी चिडचिड. एका मावशींनी पिशवीतून मलमाची डबी काढली. सुनेनं ऑनलाइन मागवलेली, ‘नैसर्गिक हार्मोन’वाली. मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, तर ‘वाइल्ड याम’. याम म्हणजे रानटी कंद! वाळवलेली सुंठ-हळद चालते, मग हा का नाही, यावर वाद रंगला तो रंगलाच. मी मात्र घरी येऊन हे ‘नैसर्गिक हार्मोन’ प्रकरण एवढं पसरलं कसं ते वाचत बसले, आणि त्यात भेटली अमेरिकेतली एक टीव्ही अभिनेत्री, सुझान सोमर्स.

तिचा जन्म १९४६चा, कॅलिफोर्नियातला. १९७७ साली ‘थ्रीज कंपनी’ ही विनोदी मालिका सुरू झाली आणि त्यातली भोळी क्रिसी म्हणून ती घरोघरी पोचली. १९८०मध्ये तिनं मानधन वाढवून मागितलं. एका भागाचे ३० हजार डॉलर मिळत होते, तिनं दीड लाख मागितले, शिवाय नफ्यात वाटा. पुरुष नटांना मिळतं तेवढं मला का नको, हा तिचा प्रश्न. उत्तर म्हणून तिचं काम कापत कापत मिनिटभराच्या फोनवरच्या संवादावर आणलं. तेही बाकीच्या कलाकारांपासून वेगळं चित्रित करायचे. मग करारही संपला. हे वाचताना मला तिचा राग आला नाही, कौतुकच वाटलं. घरात असो की बाहेर, हिशेब मागणारी बाई कुणाला आवडते?

पडद्यावरचं दार बंद झालं तेव्हा तिनं स्वतःचं दुकान मांडलं. नव्वदीच्या सुरुवातीला ‘थायमास्टर’ आलं, मांड्यांमध्ये धरून दाबायचं स्प्रिंगचं साधन. अशी एक कोटीहून जास्त विकली गेल्याचं सांगतात. मग ‘सोमरसाइझ’ नावाची आहारपद्धत आली. साखर बंद, फळं वेगळी खायची, पिष्टमय पदार्थ आणि स्निग्ध पदार्थ एकत्र घ्यायचे नाहीत. कच्च्या दह्याबरोबर डाळ न खाणाऱ्या आपल्याला असे नियम नवे नाहीत, पण आपण द्विदल टाळतो ते जीवहिंसा टाळण्यासाठी, कंबर बारीक होण्यासाठी नव्हे.

यानंतरचा भाग आपल्या जास्त कामाचा आहे. २००० सालच्या सुमारास तिला स्तनाचा कर्करोग झाला. तिनं गाठ काढून घेतली, रेडिएशन घेतलं, पण केमोथेरपी नाकारून मिसलटो या वनस्पतीच्या अर्काची इंजेक्शनं घेतली. पुढे २००४ आणि २००६मध्ये तिनं रजोनिवृत्तीवर पुस्तकं लिहिली आणि ‘बायोआयडेंटिकल’ हार्मोनचा जोरदार प्रचार केला. वेळही बरोबर साधली गेली. जुलै २००२मध्ये अमेरिकेत १६ हजारांवर स्त्रियांवरचा मोठा अभ्यास मध्येच थांबवला होता, कारण हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग जास्त आढळला. दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३०ऐवजी ३८. वाढ छोटी होती, पण भीती मोठी पसरली. लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या, त्रास मात्र तसाच राहिला. त्यांना सोमर्स सांगत होती की तुमच्या गोळ्या कृत्रिम, माझं हार्मोन नैसर्गिक.

त्या अभ्यासातल्या गोळीत प्रेमारिन होतं. १९४२पासून अमेरिकेत विकलं जाणारं हे औषध गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढतात. नावातच ते दडलंय, ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’. त्यासाठी घोड्या महिनोन्‌महिने अरुंद ठाणात बांधून ठेवत. पंचेंद्रिय जीव तो! मला हे पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि सांगितलंही कुणी नव्हतं.

मग सोमर्सचं हार्मोन बरं का? ते बनतं सोयाबीनपासून किंवा त्याच रानटी कंदापासून. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या कंदातून प्रोजेस्टेरॉन बनवून दाखवलं. पण ‘बनवून’ हा शब्द लक्षात घ्या. कंदात असतं डायोसजेनिन. त्याचं हार्मोन प्रयोगशाळेत होतं, आपल्या शरीराला ते जमत नाही. म्हणजे नुसता कंदाचा अर्क असलेली डबी अंगाला चोळून हार्मोन मिळत नाही. मावशींना हे सांगताना मलाच वाईट वाटलं.

दुसरं असं की, शरीरातल्यासारखंच हार्मोन असलेले, तपासून मान्यता मिळालेले पॅच आणि गोळ्याही असतात. सोमर्स सांगायची ती औषधालयात प्रत्येकीसाठी वेगळं मिसळून दिलेली औषधं, ज्यांची मात्रा आणि शुद्धता तशी तपासलेली नसते. जानेवारी २००८मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं अशा औषधालयांना दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल ताकीद दिली. तरी २००९ साली ती ओप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात आली आणि रोज साठेक पूरक गोळ्या घेते म्हणाली. तिच्या एका पुस्तकाचं नावच ‘एजलेस’, वय नसलेली. बारा भावनांतली अनित्य भावना रोज म्हणणाऱ्या आपणही असं नाव दिसलं की पुस्तक हातात घेऊन बघतोच, हे कबूल करायला हवं.

१५ ऑक्टोबर २०२३ला ती गेली, ७७वा वाढदिवस एका दिवसावर असताना. स्तनाचा कर्करोग पुन्हा उलटला होता. तो हार्मोनमुळेच उलटला असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही, आणि तसं कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलं तर पुढे ढकलू नका.

मावशींना घेऊन मी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. दोन प्रश्न कागदावर लिहून नेले होते: हे कशापासून बनलंय, आणि आमच्या घरात आईला स्तनाचा कर्करोग होता, तर हे चालेल का? डॉक्टरबाईंनी दुसरा प्रश्न ऐकून लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि आधी मॅमोग्राफी करून या म्हणाल्या. मंगळवारी रिपोर्ट येतोय.