समेट कोणाचा, सत्ता कोणाची?
(नागा स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास आणि आपण)

युद्ध आणि तह यांचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. कोण लढले, कोणी शस्त्रे खाली ठेवली, कागदावर कोणाच्या सह्या झाल्या, एवढे सांगितले की इतिहास झाला. प्रेते कोणी उचलली, दोन्हीकडच्या तळांवर निरोप घेऊन कोण गेले, वाचलेल्या पोरांना कोणी जगवले, याची नोंद त्या इतिहासात नसते. ज्यांच्या श्रमावाचून समाजाचे चालत नाही पण ज्यांना समाज मोजत नाही, अशा माणसांच्या बाजूने इतिहास वाचण्याची सवय आपल्या चळवळीने आपल्याला लावली. इतिहासाचा एक शिक्षक म्हणून त्याच सवयीने मी नागालँडचा अलीकडचा इतिहास वाचत आलो आहे आणि एका प्रश्नापाशी येऊन थांबलो आहे. ज्या स्त्रियांनी भाऊबंदकीचा रक्तपात थांबावा म्हणून जीव धोक्यात घातला, त्यांना नगरपालिकेत जागा देण्याची वेळ आली तेव्हा त्याच समाजातील पुरुषांनी राजधानीतील सरकारी कचेऱ्या का पेटवल्या?

आधी पार्श्वभूमी. नागांचा प्रश्न हा या देशातील अत्यंत जुन्या सशस्त्र संघर्षांपैकी एक आहे. १९२९ साली सायमन कमिशनपुढे नागा क्लबने निवेदन दिले आणि इंग्रज गेल्यावर आम्हाला आमच्या वाटेने जाऊ द्या, असे मागितले. १४ ऑगस्ट १९४७ रोजी नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्य जाहीर केले. दिल्लीने ते मानले नाही. पन्नाशीच्या दशकात सैन्य डोंगरात शिरले, गावे जाळली गेली, माणसे एका जागी हलवून पहाऱ्यात ठेवली गेली. १९५८ मध्ये सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा कायदा आला. नुसत्या संशयावर गोळी घालण्याची मुभा आणि केंद्राच्या परवानगीवाचून खटला नाही, असा हा कायदा. त्याचा अर्थ काय होतो हे ४ डिसेंबर २०२१ रोजी मोन जिल्ह्यातील ओटिंग येथे पुन्हा दिसले. खाणीतून घरी निघालेल्या मजुरांवर सैन्याने गोळ्या घातल्या. त्या घटनेत आणि तिच्या पाठोपाठच्या गोळीबारांत मिळून चौदा नागरिक मेले.

या साऱ्या काळात समेटाचे प्रयत्नही झाले. १९६४ साली शांतता मंडळ आले. त्यात जयप्रकाश नारायण, आसामचे मुख्यमंत्री बिमलाप्रसाद चालिहा आणि रेव्हरंड मायकेल स्कॉट असे तिघे होते. त्या वर्षी ६ सप्टेंबरला शस्त्रसंधी झाली. पुढे ११ नोव्हेंबर १९७५ रोजी शिलाँग करार झाला. त्या करारावरून नागांमध्येच फूट पडली. १९८० मध्ये एनएससीएन ही नवी संघटना निघाली आणि १९८८ मध्ये तिचेही दोन तुकडे झाले. आता नागा माणूस नागा माणसाला मारू लागला. ३ ऑगस्ट २०१५ रोजी दिल्लीत जो आराखडा-करार झाला, तोही दोन्ही बाजूंच्या पुरुषांनीच केला. १९६४, १९७५, २०१५ : तिन्ही वेळा कागदावर स्त्रीचे नाव नाही.

मग स्त्रिया कुठे होत्या? त्या कामात होत्या. १९८४ साली कोहिमा येथे नागा मदर्स असोसिएशन स्थापन झाली. पुढे पद्मश्री मिळालेल्या नैदोनुओ आंगामी या तिच्या संस्थापकांपैकी एक. सुरुवातीला तिने दारू आणि मादक द्रव्ये यांच्याविरुद्ध काम केले. बंदुकीच्या छायेत वाढलेली पिढी व्यसनाकडे वळत होती आणि तिची निगा राखणे आयांच्याच वाट्याला आले होते. व्यसनमुक्तीचे केंद्र त्यांनी चालवले आणि एड्सचा उच्चारही लोक टाळत असत तेव्हा त्या रोग्यांसाठी उभ्या राहिल्या. गटागटांतल्या हत्या वाढल्या तेव्हा १९९४ साली त्यांनी 'आता आणखी रक्त सांडू नका' अशी हाक देऊन मोहीम उघडली. रस्त्यात पडलेले बेवारस प्रेत कोणत्या गटाचे, कोणत्या जमातीचे, हे न विचारता त्यावर शाल पांघरायची आणि त्याला मातीत सन्मानाने ठेवायचे, हे काम त्यांनी केले. सैन्याच्या अधिकाऱ्यांना त्या भेटल्या. भूमिगतांच्या पुढाऱ्यांना भेटण्यासाठी डोंगर तुडवीत म्यानमारमधील तळांपर्यंत गेल्या. १९९७ मध्ये शस्त्रसंधी झाली. तिच्या आधी आणि नंतरही बोलणी तुटू नयेत म्हणून ज्या नागा लोकसंघटना झटत राहिल्या, त्यांत ही आयांची संघटना होती.

यात नवीन काही नाही, ही तर आमची जुनी परंपराच आहे, असे नागा समाजातील वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात, आणि ते खोटे नाही. तांगखुल नागांमध्ये दुसऱ्या गावात लग्न होऊन गेलेल्या बाईला 'पुखरेला' म्हणत. माहेर आणि सासर अशी दोन गावे एकमेकांवर भाले उगारून उभी राहिली की ती मध्ये येऊन उभी राही. तिला कोणी हात लावत नसे. मेलेल्यांची शरीरे आणि जखमी माणसे तीच परत नेऊन देई. परंपरेने तिला अभय दिले होते. पण लढाई करायची की नाही हे ज्या बैठकीत ठरत असे, त्या बैठकीत तिला जागा होती काय? नव्हती. वडिलोपार्जित जमिनीत तिला वाटा होता काय? तोही नव्हता. भांडण पेटल्यावर तिने यायचे, विझवायचे आणि घरी परत जायचे. मला या इतिहासातील हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ज्या कामासाठी तिची पूजा होते, ते काम संपताच तिचा अधिकारही संपतो.

आता नगरपालिकेकडे येऊ. ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर नगरपालिकांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. नागालँडमध्ये हे आरक्षण राज्याच्या कायद्यात आले २००६ साली, आणि अंमलात मात्र आले नाही. निवडणुकाच पुढे ढकलल्या गेल्या. २०११ मध्ये रोझमेरी झुविचू आणि अबेइउ मेरू या कार्यकर्त्या गुवाहाटी उच्च न्यायालयात गेल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला, त्याला स्थगिती मिळाली, २०१२ मध्ये विधानसभेने हे आरक्षण आम्हाला लागू नाही असा ठराव केला. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दूर केली आणि विधानसभेने आपला ठराव मागे घेतला. १ फेब्रुवारी २०१७ ही मतदानाची तारीख ठरली. जमातींच्या पंचायतींनी, ज्यांना तिकडे 'होहो' म्हणतात, बंद पुकारला. उभ्या राहिलेल्या स्त्रियांवर अर्ज मागे घेण्यासाठी दडपण आले, बहिष्काराच्या धमक्या आल्या. ३१ जानेवारीला दिमापुरात पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण मेले. २ फेब्रुवारीला कोहिम्यात नगरपालिकेची कचेरी आणि इतर सरकारी इमारती जाळण्यात आल्या. निवडणूक रद्दबातल ठरली, मुख्यमंत्र्यांना जावे लागले.

विरोधकांचा आधार होता संविधानाच्या ३७१ (अ) या कलमाचा. नागांच्या धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढीप्राप्त कायदा, जमिनीची मालकी यांबाबत संसदेचा कायदा नागालँडच्या विधानसभेने मान्य केल्यावाचून तेथे लागू होत नाही, असे हे कलम सांगते. त्यावर नागा स्त्रियांनी दिलेले उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे असे आहे. त्या म्हणाल्या, नगरपालिका ही आमच्या पूर्वजांची संस्था आहे काय? ती तर कायद्याने कालपरवा जन्माला घातली. जी संस्था प्रथेतून आलीच नाही, तिच्यात प्रथा कशी आडवी येते? आणि गावाच्या विकास मंडळात १९८० पासून स्त्रियांना चौथा हिस्सा आहेच, तेव्हा तुमची प्रथा कुठे गेली होती?

येथे आपण सावध राहिले पाहिजे. नागा समाज रानटी, त्याच्या रूढी मागास, म्हणून दिल्लीने त्याला शहाणे करावे, असा सूर आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून अधूनमधून निघतो. हा सूर नवा नाही. ज्यांना लष्कर पाठवायचे असते, ते आधी त्या माणसांना रानटी ठरवतात. शिवाय शहाणपण शिकवणाऱ्या दिल्लीचे स्वतःचे काय? २०२४ च्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. २०२३ साली स्त्रियांच्या आरक्षणाचा कायदा वाजतगाजत मंजूर केला आणि त्याचा अंमल जनगणना व मतदारसंघांची फेररचना यांवर टांगून ठेवला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी १३२५ क्रमांकाचा ठराव केला. संघर्ष टाळणे, मिटवणे आणि त्यानंतरची घडी बसवणे या सर्व पातळ्यांवर निर्णयात स्त्रिया हव्यात, असे तो म्हणतो. तो आपल्या दाराशी आलेला प्रश्न आहे, हे दिल्लीला कधी पटलेले दिसत नाही.

म्हणून नागांच्या स्वायत्ततेच्या बाजूने उभे राहायचे की नागा स्त्रियांच्या, असा पेच कोणी घातला तर तो पेचच चुकीचा आहे, असे माझे मत आहे. याचिका करणाऱ्या स्त्रिया नागाच होत्या. सैन्याच्या विशेष कायद्याविरुद्धही त्याच उभ्या राहिल्या. परंपरा कोणाची आणि तिचा अर्थ कोणी लावायचा, हा त्यांचा सवाल आहे. तो आपल्याला परका नाही. महाडच्या तळ्याला हात लावायचा नाही, हीसुद्धा रूढीच होती, आणि रूढीचा दाखला देऊनच तिथले स्पृश्य न्यायालयात गेले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गाव हा घटक नाकारला आणि व्यक्ती हा घटक धरला. त्याचे मर्म येथे कळते. समाज स्वायत्त हवा, पण त्या समाजातील शेवटच्या व्यक्तीचे हक्क त्या स्वायत्ततेत बुडता कामा नयेत. नागांमध्ये जातिभेद नाही, याचा त्यांना रास्त अभिमान आहे. परंतु जात नसलेल्या समाजातही स्त्रीला बैठकीबाहेर ठेवता येते, हे त्यांच्या इतिहासाने दाखवले. जात गेली की सारे आपोआप सुटेल असे मानणाऱ्या आपल्या मित्रांनी याचा विचार करावा.

आणि आपले घर? १९७८ मध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला तेव्हा मी महाविद्यालयात शिकत होतो. वस्त्या जळाल्यावर आमच्या भागात शांतता समिती नेमली गेली. तिच्या बैठकीला मी एका कोपऱ्यात उभा होतो. गावचे पुढारी होते, अधिकारी होते, आमचेही दोन पुढारी होते. ज्यांची भांडीकुंडी आणि धान्य जळाले होते त्या आयाबाया बाहेर झाडाखाली बसल्या होत्या. कोणाच्या घरी काय उरले, कोणत्या वाटेने जायला पोरीबाळी भितात, हे फक्त त्यांना ठाऊक होते. आत कोणी त्यांना विचारले नाही, आमच्या दोन पुढाऱ्यांनीही नाही. समेट झाल्याचे जाहीर झाले आणि त्या वाटेची भीती पुढे कित्येक महिने तशीच राहिली. वाटाघाटीत स्त्रिया कशाला, असे विचारणाऱ्याला मी एवढेच सांगतो. ज्या प्रश्नाची माहिती बाहेर बसलेल्यांपाशी आहे, तो आत बसलेल्यांनी मिटवला तर तो मिटत नाही.

वास्तविक आपल्या स्त्रियांनी हे फार पूर्वी ओळखले होते. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, आणि कायदेमंडळांत व इतर प्रातिनिधिक संस्थांत आपल्यासाठी राखीव जागाही मागितल्या. गौरव मागितला नाही, जागा मागितल्या. त्यानंतरच्या आपल्या पक्षांच्या, गटांच्या, ऐक्याच्या किती बैठकांत त्या जागा दिल्या गेल्या, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. आपले गट फुटले आणि जोडले गेले, आणि त्या प्रत्येक ऐक्याच्या व्यासपीठावर फोटो मात्र पुरुषांचा निघाला.

नागालँडची गोष्ट २०१७ च्या जळिताशी संपली नाही. २०२३ च्या मार्चमध्ये हेकानी जाखालू आणि सालहौतुओनुओ क्रुसे या दोघी विधानसभेवर निवडून आल्या. १९६३ साली राज्य झाले, आणि पहिली स्त्री आमदार व्हायला साठ वर्षे लागली. त्या वर्षाच्या अखेरीस नवा नगरपालिका कायदा झाला आणि २६ जून २०२४ रोजी एक तृतीयांश आरक्षणासह मतदान झाले, तब्बल वीस वर्षांनी. पूर्वेकडील सहा जिल्हे वेगळ्या राज्याच्या मागणीसाठी त्यातून दूर राहिले. पण नव्या कायद्यात एक गोष्ट गुपचूप झाली. अध्यक्षपदाचे आरक्षण वगळण्यात आले. म्हणजे सभागृहात या, बसा, परंतु खुर्ची मागू नका.

ही तडजोड नागा स्त्रियांनी तूर्त पदरात घेतली आहे. लढणारा माणूस मिळाले ते घेतो आणि उरलेल्यासाठी पुन्हा उभा राहतो. त्यांना आपली सहानुभूती नको आहे. आपल्याला त्यांच्यासाठी जे करता येईल ते येथेच करता येईल. दंगलीनंतरची समिती असो, गावच्या बहिष्काराची चौकशी असो, की आपल्याच दोन गटांच्या ऐक्याची बोलणी असोत, त्या बैठकीत निम्म्या खुर्च्या स्त्रियांच्या असतील तरच आपण बसू, असे आपल्या कार्यकर्त्यांनी सांगायला सुरुवात करावी. त्यातली एक खुर्ची अध्यक्षाची असावी.