शून्य बाइटच्या सीमेची कुळकथा

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मलेल्या युनिक्स या संगणकप्रणालीने फाइलच्या नावात दोनच बाइट निषिद्ध मानले : एक तिरप्या रेघेचा, कारण ती रेघ मार्गातील डिरेक्टऱ्या एकमेकींपासून वेगळ्या करते, आणि दुसरा शून्य बाइट, म्हणजे ज्याचे आठही बिट शून्य असतात तो, कारण सी भाषेत अक्षरमालिकेचा शेवट त्यानेच दाखवला जातो. मोकळी जागा, अवतरणचिन्ह, इतकेच काय, नव्या ओळीचे चिन्हही नावात चालू शकते. पूर्वी नावाची मर्यादा १४ बाइटांची असल्याने या मुभेचा त्रास फारसा जाणवला नसावा. १९८३ च्या बर्कली आवृत्तीने ती २५५ बाइटांवर नेली.

दरम्यान, १९७९ साली युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर स्टीफन बोर्न यांचे शेल, म्हणजे आज्ञा वाचून त्या पार पाडणारा प्रोग्राम, प्रचारात आले. चल, म्हणजे मजकूर साठवणारे नाव, अवतरणात न घातल्यास हे शेल त्याच्या मजकुराचे मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ यांपाशी तुकडे करते. त्यामुळे ‘सातबारा उतारा’ नावाची फाइल पुसण्याची आज्ञा ‘सातबारा’ आणि ‘उतारा’ अशा दोन फाइलींना लागू होते, आणि ‘उतारा’ नावाची वेगळी फाइल तिथे असेल, तर तीच नाहक पुसली जाते. एकाच डिरेक्टरीपुरते काम असेल, तर तारकाचिन्हाने जुळवलेल्या नावांवर लूप चालवून चल दुहेरी अवतरणात ठेवणे पुरेसे होते. परंतु अनेक डिरेक्टऱ्यांत फाइली शोधणाऱ्या ‘फाइंड’ने दिलेली नावे, ती दुसऱ्या आज्ञेला पुरवणाऱ्या ‘एक्सआर्ग्ज’कडे सोपवताना दोन नावांमधील सीमा कशाने दाखवावी, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर ग्नू प्रकल्पाच्या ‘फाइंड’मध्ये ‘प्रिंटझीरो’ या पर्यायाने मिळाले. ही कल्पना डॅन बर्नस्टाईन यांची. नावात जो बाइट कधीच येऊ शकत नाही, तोच दोन नावांमधली सीमा ठरला. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये रचलेल्या यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असले, तरी त्यांपैकी एकही शून्य किंवा तिरप्या रेघेचा नसतो, म्हणून मराठी नावेही या पद्धतीत अखंड राहतात.

युनिक्ससदृश प्रणालींसाठीच्या पॉझिक्स मानकाने ‘प्रिंटझीरो’ हा पर्याय २०२४ साली स्वीकारला. विभाजक हा आशयाबाहेरचाच असावा, हे तत्त्व मूळ नियमात पहिल्यापासून गर्भित होते. त्याला मानकाची मान्यता मिळायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.