फवारणी
कीटकनाशक, बुरशीनाशक किंवा तणनाशकाचे द्रावण बारीक थेंबांच्या रूपात पिकावर वा तणावर पसरवण्याची पद्धत. तिचे यश थेंबाच्या आकारावर ठरते. थेंबाचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच द्रावणातून आठपट थेंब मिळतात आणि पान नीट झाकले जाते; मात्र साधारण १०० मायक्रॉनहून बारीक थेंब वाऱ्यावर भरकटतात. म्हणून फवारणी वारा शांत असताना, सकाळी किंवा संध्याकाळी करतात.

कीटकनाशकासाठी पोकळ शंकूचा, तणनाशकासाठी सपाट पंख्याचा नोझल वापरतात. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा. २,४-डी या तणनाशकाचा अंश पंपात राहिला तरी कपाशीची पाने आकसतात. मावा, तुडतुडे, पांढरी माशी पानाखाली दडतात. तिथे नोझल खालून वर वळवावाच लागतो, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले. डोक्याएवढ्या उंच, दाट पिकात तुषार थेट नाकातोंडात जातात. अशा पिकात मास्क, चष्मा, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे टाळता येत नाहीत. तुंबलेला नोझल तोंडाने कधीही फुंकू नये. मऊ ब्रशने साफ करावा.