ओव्हरहेड निधी आणि गोंडवाना विद्यापीठ

ओव्हरहेड निधी : संशोधन प्रकल्पाच्या अनुदानात उपकरणे, प्रवास, सहायकांचे मानधन यांखेरीज संस्थेला मिळणारी टक्केवारी. वीजबिल, ग्रंथालय, लेखाविभाग, इमारतीची देखभाल यांचा भार तिने उचलावा, ही अपेक्षा. अमेरिकेत प्रत्येक विद्यापीठ हा दर सरकारशी बोलून ठरवते; मोठ्या विद्यापीठांत तो थेट खर्चाच्या 50 टक्क्यांवर जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठाने तर एका नौकेचा घसाराही या खात्यात दाखवला होता! त्या प्रकरणानंतर, 1991 मध्येच, प्रशासकीय भागावर 26 टक्क्यांची मर्यादा आली. भारतात दर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, आणि त्यावरही बहुधा रकमेची कमाल मर्यादा.

टक्केवारी प्रकल्पाच्या किमतीवर असल्याने संस्थेचा कल महागड्या विज्ञानाकडे झुकतो. दहा टक्के धरले, तर एक कोटीच्या प्रकल्पामागे दहा लाख, पाच लाखांच्या प्रकल्पामागे पन्नास हजार. उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षणाची यातायात मात्र दोन्हींकडे जवळपास सारखीच.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला हे गणित सोयीचे नाही. इथले अभ्यासविषय पाहा : 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या मेंढा (लेखा) गावाचे बांबू व्यवस्थापन, ग्रामसभांची तेंदूपानांची विक्री, माडिया बोली, चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने 1870च्या दशकात ती देवळे नोंदवली होती. या कामांना पायपीट, वेळ आणि गावाचा विश्वास लागतो. यांपैकी कशाचेच मोठे बिल होत नाही, म्हणून ओव्हरहेडही किरकोळच. त्यापेक्षा हेतू ठरवून दिलेला निधी इथे अधिक उपयोगी ठरतो. राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने विद्यापीठात उभे राहिलेले विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच धर्तीचे आहे.

2023च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने राज्य विद्यापीठांना बळ देण्याचे ठरवले आहे. पाच वर्षांसाठी योजलेल्या 50,000 कोटींपैकी सरकारचे 14,000 कोटी. उरलेले मुख्यतः उद्योग व देणगीदारांकडून यायचे. चंद्रपुरात उद्योग म्हणजे कोळसा, सिमेंट, कागद. त्यांना तेंदूपानांच्या हिशेबात रस वाटेल, असे मानणे कठीण.

गडचिरोलीतले सर्वांत गाजलेले संशोधन विद्यापीठाबाहेरच झाले. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत स्थानिक स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेतली आणि नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटवले. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो अभ्यास 1999 मध्ये छापला, तेव्हा गोंडवाना विद्यापीठ जन्मायला बारा वर्षे होती.