'बेबदो'ची तबकडी आणि आपण

गोमंतकाच्या संगीताचा इतिहास सांगायला बसले की आपली यादी ठरलेली असते. मंगेशीचे मास्टर दीनानाथ, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई आणि पुढे पंडित जितेंद्र अभिषेकी. यादी खरी आहे आणि तिचा अभिमान बाळगावा अशीच आहे. पण वाचकहो, १९७१ साली मुंबईत ध्वनिमुद्रित झालेली एच.एम.व्ही.ची एक छोटी तबकडी या यादीच्या आसपासही कधी दिसत नाही. ती तबकडी म्हणजे लोर्ना कोर्देरो यांचे 'बेबदो'. पेडणे-डिचोलीच्या आपल्या घरांत हे गाणे कधी ऐकूच आले नाही, असे छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटायचा आहे.

बेबदो म्हणजे दारुडा. आपला 'बेवडा' कानाला त्याचा सख्खा भाऊच वाटतो. गाणे बांधले ते क्रिस पेरी यांनी. मडगावच्या बोर्डा वाड्यावर १९२८ साली जन्मलेले हे क्रिस्तोवांव परेरा ट्रम्पेट वाजवीत आणि सॅक्सोफोनही वाजवीत. स्वतःचा बँड घेऊन ते मुंबईच्या हॉटेलांतून कार्यक्रम करीत. चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातील 'व्हेनिस' हे त्यांतले गाजलेले ठिकाण. लोर्ना तिथे गात, पण इंग्रजी. पाश्चात्त्य गाणी हुबेहूब म्हणणारी मुलगी अशी त्यांची ख्याती होती. त्या आवाजाला क्रिस पेरींनी कोंकणी शब्द दिले आणि त्यातून लोर्नाची पहिली तबकडी निघाली.

यात नवे काय होते? कोंकणी तबकड्या काही १९७१ मध्ये जन्मल्या नाहीत. तियात्रातली कांतारां ग्रामोफोनवर कितीतरी आधीपासून येत होती. आल्फ्रेड रोज, एम. बॉयर, सी. आल्वारिस ही नावे घरोघर माहीत होती. पण कांतार रंगभूमीचे अपत्य. त्यात शब्द आणि टोमणा आधी, वाद्ये मागून. क्रिस पेरींनी हा क्रम मोडला. पितळी वाद्यांचा झणका, जॅझचा हेलकावा, नाचायला लावणारी लय आणि त्यावर स्वार झालेला एक भरदार, किंचित खरखरीत आवाज असा तो थाट होता. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्वीस, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वर्षानुवर्षे हेच कसब दुसऱ्यांच्या गाण्यांसाठी खर्ची घालीत होते, आणि श्रेयनामावलीत त्यांची नावे शोधावी लागत. 'बेबदो'त ते कसब आपल्या भाषेच्या सेवेला आले. 'आपल्या' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे. काहींच्या भुवया उंचावतील हे मला ठाऊक आहे.

कारण वर्षे आठवा. १६ जानेवारी १९६७ ला जनमत कौल झाला. विलीनीकरण की संघप्रदेश, हा प्रश्न होता. संघप्रदेशाची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांचा कल बहुतांशी विलीनीकरणाकडे होता, हे आपण जाणतो. त्या मोहिमेत गाण्याने किती काम केले हेही जाणतो. उल्हास बुयांव यांच्या आवाजाने विरुद्ध बाजूच्या सभा भरत. त्यामुळे कोंकणी गाणे म्हणजे 'त्यांचे' गाणे अशी एक गाठ आपल्या बैठकीच्या खोल्यांत बसली. नाट्यपद आपले, अभंग आपला आणि कोंकणी गाणे त्यांचे. घरात आई स्वयंपाकघरातून हाक मारी ती कोंकणीतच, ही गोष्ट हिशेबातून सोयीस्करपणे वगळलेली असे. या कौलाला चार वर्षे होतात न होतात तोच 'बेबदो' आले. त्यात ना विलीनीकरण होते, ना संघप्रदेश. होता तो एक दारुडा, आणि दारुडा दोन्ही बाजूंना होता.

मी त्या वेळी डिचोलीत प्राथमिक शाळेत होतो. आमचे घर जैन. दिवेलागणीपूर्वी जेवणे आटोपलेली असत आणि दारूचे नावही उंबऱ्याच्या आत काढायचे नाही अशी शिस्त होती. त्या घरात आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून हे गाणे लागले की आजी माळ थांबवून विचारी, "हे कोण बाई आणि कोणाला बोलते?" उत्तर द्यायला कोणी पुढे येत नसे, आणि रेडिओ बंद करायलाही कोणी उठत नसे. पुढे दवाखान्यात बसू लागलो तेव्हा खाणीवरून परतताना वाटेत थांबून घरी उशिरा पोचणाऱ्यांच्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांची कैफियत कुठल्याही अभंगात मला सापडली नव्हती. नाट्यसंगीतात 'एकच प्याला' आहे म्हणा. पण त्यातली सिंधू सोसते. लोर्नाच्या आवाजात सोसणे नव्हते.

आता धंद्याची बाजू. मुंबईत दारूबंदीचा कायदा आणि परवान्यांचा जाच होता. गोव्यात तो नव्हता, म्हणून तर पत्रादेवीच्या नाक्यावर प्रवाशांच्या पिशव्या उघडल्या जात. अशा काळात मुंबईत बसून दारुड्यावर गाणे करायचे यातच निम्मी जाहिरात होती. पण खरे गिऱ्हाईक ओळखले ते वेगळेच. त्या दिवसांत ग्रामोफोन ही श्रीमंताच्या दिवाणखान्यातली वस्तू. सात इंची तबकडी विकत घेणारा गोंयकार बहुधा गोव्यात नसेच. तो धोबीतलावच्या कुडांत असे, बोटीवर असे, नैरोबीत असे आणि कुवेत-बहरीनला जाऊ लागलेला असे. तो सुट्टीत गावी येताना तबकडी आणी, आणि मग ती लग्नाच्या मांडवात, फेस्ताच्या पटांगणात, ध्वनिक्षेपकावरून सगळ्या गावाची होई. पेडण्याच्या पुनवेला कर्ण्यातून काय काय ऐकू येई, ते ज्येष्ठ वाचकांनी आपले आपण आठवावे. ज्यांनी एक पैसा मोजला नाही त्यांनाही गाणे पाठ झाले. छोट्या भाषेतल्या तबकडीचे यश असेच पसरते. ती विकली जाते एकदा आणि वाजते शंभर ठिकाणी.

त्या यशातून गायिकेच्या पदरी काय पडले, हा प्रश्न मला इतिहासाचा वाटतो, कुजबुजीचा नव्हे. लोर्ना आणि क्रिस पेरी यांच्याविषयी गावगप्पा पुष्कळ आहेत. त्यांत मला रस नाही. कायदा पाहा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क दिला तो तबकडी काढणाऱ्याला. गीतकार आणि संगीतकार यांचा हक्क निदान कागदावर होता. गाणाऱ्याचा मात्र शून्य. ठरलेली बिदागी हाती पडली की संपले. कलावंताचा स्वतंत्र हक्क आपल्या कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि मानधनाचा वाटा पक्का झाला २०१२ मध्ये. १९७१ मध्ये गळा लोर्नाचा होता, पण कायद्याच्या लेखी त्या गळ्याचा मालक कोणीच नव्हता. साठच्या दशकात लताबाईंनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला आणि मोहम्मद रफींशी त्यांचे बिनसले, ते याच मुद्द्यावर. बिदागी मिळाली की गायकाचा संबंध संपला, असे रफींचे म्हणणे होते. तो वाद आपण मराठी माणसे चवीने सांगतो, मंगेशीच्या लेकीचा बाणेदारपणा म्हणून सांगतो. त्याच वादाची झळ लागलेली दुसरी गोमंतकीय गायिका मात्र आपल्या बोलण्यात येत नाही.

लोर्ना सत्तरीच्या दशकातच मागे सरल्या आणि जवळजवळ दोन दशके रंगमंचावर दिसल्या नाहीत. गाणी मात्र कुठे गेली नाहीत. कॅसेट आल्या, कॅसेटच्या नकला आल्या, नकलांच्या नकला आल्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आवाज विकला जात होता आणि आवाजाची धनीण घरी होती. १९९५ साली रॉनी मोन्सेरात यांनी त्यांना पुन्हा गायला लावले. 'हॅलो लोर्ना' नावाने ती गाणी निघाली आणि मिरामारच्या वाळूवर त्या परत उभ्या राहिल्या. जिने तिला कधी पाहिलेच नव्हते ती पिढीही शब्दन् शब्द म्हणत होती.

शापोरा नदीच्या पलीकडे, म्हणजे पेडण्याच्या समोरच, शिवोलीला रेमो फर्नांडिस यांनी वेगळी वाट काढली होती. १९८४ चा 'गोवन क्रेझी' त्यांनी घरीच ध्वनिमुद्रित केला, बहुतेक वाद्ये स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. त्यामुळे मालकी घरातच राहिली. तेरा वर्षांत तंत्र स्वस्त झाले होते. लोर्नाला ती सोय नव्हती. दमदमच्या कारखान्यात तबकडी दाबून घ्यायची तर कंपनीच्या दारात जाणे भाग होते.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला मान दिला, मराठीलाही जागा ठेवली, आणि रोमी बाहेर राहिली. 'बेबदो' लिहिले-वाचले गेले ते रोमीतच. पण फिरणाऱ्या तबकडीला लिपी नसते. सुईखाली आली की ती डिचोलीत आणि साष्टीत सारखीच वाजते. २०१४ च्या 'नाचूंया कुंपासार' या चित्रपटाने क्रिस पेरींची गाणी पुन्हा पडद्यावर आणली आणि त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ती पाहायला आपलीही मंडळी गेली होती. उपशीर्षके वाचण्याची गरज कोणाला भासली नाही.

ध्वनिमुद्रणाचा हक्क कायद्याने साठ वर्षे टिकतो. १९७१ च्या तबकडीची मुदत २०३१ अखेर भरेल. क्रिस पेरी २००२ साली गेले. त्यांच्या रचनेवरचा हक्क वारसांकडे २०६२ अखेरपर्यंत राहील.