दोष आईचा नव्हता

रविवारच्या मिस्साला एखादे मूल अचानक ओरडते, कान घट्ट झाकून घेते. पुढच्या बाकावरची माणसे वळून पाहतात. आई मान खाली घालून मुलाला बाहेर नेते आणि पुढे कित्येक रविवार ते कुटुंब मंदिरात दिसत नाही. आम्ही धर्मगुरूंनी हे दृश्य अनेकदा पाहिले. त्यांच्या दारी चौकशीला मात्र क्वचितच गेलो.

त्या वळलेल्या नजरांत ‘वळण लावले नाही’ हा आरोप असतो. तो जुना आहे आणि एके काळी विद्वानांनीही केलेला आहे. १९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन प्रसिद्ध केले. ही अवस्था जन्मजात असावी असे त्यांनी लिहिले, पण आईबापांच्या अलिप्त स्वभावाकडेही बोट दाखवले. पुढे आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, हे मत बळावले. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांच्या ग्रंथाने ते घरोघरी पोहोचवले. आधीच खचलेल्या मातांच्या माथी अपराधाचे ओझे आले.

या मताला एका पित्याने आव्हान दिले. बर्नार्ड रिमलंड हे अमेरिकी नौदलातील मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न होता. स्वमग्नतेचे मूळ संगोपनात नसून शरीररचनेत आहे, असे त्यांनी १९६४ च्या ग्रंथात साधार मांडले. १९६५ साली त्यांनी इतर पालकांसह राष्ट्रीय संघटना उभारली. १९६९ साली तिच्याच सभेत वृद्ध कॅनर यांनी आईबापांना जाहीरपणे दोषमुक्त केले.

इंग्लंडमध्येही १९६२ साली पालकच एकत्र आले. सिबिल एल्गर नावाची शिक्षिका लंडनमधील आपल्या घराच्या तळघरात अशा मुलांना शिकवीत असे. पालकांच्या संस्थेने १९६५ साली ईलिंग येथे शाळा काढली, ती तिच्याच हाती सोपवून.

आपल्या देशात १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या मातेने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापिली. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेचे नावही नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याला स्पष्ट स्थान मिळाले.

सर्वत्र आधी पालक उठले. समाज मागाहून आला. आपणही मागेच राहिलो. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी या कुटुंबांचे एकाकीपण आणि त्यांच्यावरील कलंक दूर करण्याचे आवाहन केले होते. त्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. दाराजवळचा एक बाक राखून ठेवता येतो, कर्ण्याचा आवाज कमी करता येतो, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्या मुलाशेजारी एक समंजस स्वयंसेवक बसू शकतो. एखादी शेजारीण तासभर मुलाजवळ थांबली, तर आईला निवांत मिस्सा ऐकता येईल. आणि मूल ओरडले, तर आपण वळून पाहू नये. त्या आईला थोडे सरकून जागा द्यावी.