सातव्या वर्षाची पडीक जमीन

सहा वर्षे पेरावे आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी, अशी आज्ञा बायबलमधील लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात इस्राएली शेतकऱ्याला आहे. आपोआप उगवेल ते मालक, चाकर, परके आणि गुरेढोरे यांनी मिळून खायचे. आज्ञा मोडल्यास लोक देशोधडीला लागतील आणि चुकलेली विश्रांती जमीन वसूल करील, असा इशारा पुढच्याच अध्यायात येतो. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या नबुखद्नेस्सराने यरुशलेम उद्ध्वस्त केले; इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाने त्या पराभवाचा अर्थ असाच लावला. जमीन ७० वर्षे विसावली, असे ते सांगते. प्रत्यक्षात यरुशलेमच्या पाडावापासून बाबेलला नेलेल्या लोकांच्या परतीच्या हुकमापर्यंतचे अंतर जेमतेम पन्नास वर्षांचे. ७०चा आकडा संदेष्टा यिर्मया याच्या भाकितातला. पुढे यहुद्यांचा नेता नहेम्या याच्या काळात लोकांनी सातवे वर्ष पाळण्याचा लेखी करार केला. रोमच्या ज्युलियस सीझरने यहुद्यांना सातव्या वर्षीचा सारा माफ केल्याची नोंद यहुदी इतिहासकार जोसेफसने केली आहे.